आठ दिवसांत श्रीलंका: पूर्ण फेरीचा हट्ट सोडा, अर्धं बेट नीट पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकहून सहा जण निघणार: तुम्ही दोघं, नऊ आणि चौदा वर्षांची मुलं, सत्तरीला टेकलेले आई-बाबा. दिवाळीच्या सुट्टीतल्या सात रात्री हाताशी आहेत. भाड्याची गाडी स्वतः चालवून कोलंबो, जाफना, त्रिंकोमाली, सिगिरिया, कँडी, एला, गॉल अशी बेटाची पूर्ण फेरी मारायची आहे. जमेल का?

नाही. गाडी तेवढी फिरेल, पण आई-बाबा आणि मुलं तेवढं सोसणार नाहीत.

चूक नकाशात होते. श्रीलंका कागदावर आंब्याएवढी दिसते. क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचवा हिस्सा. पण उत्तर-दक्षिण लांबी ४३५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नाशिक ते कोल्हापूर. रुंदी सव्वादोनशे, म्हणजे नाशिक-पुण्याहून थोडी जास्त. तुमची फेरी तेराशे किलोमीटरच्या वर जाते, आणि त्यातला द्रुतगती मार्ग मुख्यतः कोलंबोच्या आसपास आणि दक्षिणेला. बाकी सगळा दुपदरी रस्ता: दर दोन किलोमीटरवर गाव, शाळा, रिक्षा. तिथं किलोमीटर मोजू नका, तास मोजा. द्रुतगती मार्गावर ताशी ८०-९०, सपाट मुलखात ४०-४५, चहाच्या डोंगरात २५-३०. मोबाइलचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात सपाटीला पाव आणि घाटात निम्मा वेळ वाढवा. आई-बाबा सोबत असताना दिवसाला चार तास चाकावर ही मर्यादा धरा. लांबचा टप्पा एखाद्याच दिवशी ठेवा, आणि तोही असा की त्या दिवशी दुसरं काही बघायचं नसेल.

आता महिना. हा मुद्दा गाडीपेक्षा मोठा आहे आणि नाशिकची मंडळी इथंच फसतात, कारण आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. लंकेला दोन मोसमी पाऊस आहेत. नैर्ऋत्येकडचा मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत पश्चिम आणि दक्षिण किनारा व डोंगराची पश्चिम बाजू झोडपतो. तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली, पासिकुडा कोरडं असतं. ईशान्येकडचा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्व आणि उत्तर भिजवतो. तेव्हा गॉल-मिरिसाचा समुद्र शांत. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दोन मोसमांमधला काळ, त्यात दुपारनंतर कुठंही गडगडाटी पाऊस कोसळू शकतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमाराला येतात. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दित्वा चक्रीवादळानं कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला या डोंगरी जिल्ह्यांत दरडी कोसळून फार मोठं नुकसान झालं. म्हणजे तुमची दिवाळी नेमकी अवघड महिन्यात पडते. फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत चांगला, पण तेव्हा मुलांच्या परीक्षा, हे मान्य. नाताळची सुट्टी जमली तर ती दिवाळीपेक्षा बरी. तेव्हा पूर्व किनारा मात्र यादीतून काढा. मे महिन्यातच जायचं तर पहिल्या पंधरवड्यात जा आणि समुद्र पूर्वेचा घ्या. एप्रिलमध्ये १३-१४ तारखेला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या आठवड्यात दुकानं बंद, चालक गावी आणि नुवारा एलियात खोली मिळणं कठीण.

दिवाळीलाच जाणार असाल तर दिवस सकाळचा धरा. साडेसहाला नाश्ता, सातला चाकं हललेली, दुपारी दोनच्या आत मुक्कामी. पाऊस आला तरी तुम्ही खिडकीतून बघत बसाल, घाटात अडकणार नाही. आणखी एक कारण: विषुववृत्ताजवळ असल्यानं वर्षभर सहा-साडेसहाला सूर्य मावळतो, नोव्हेंबरात तर सहाच्या आतच. संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही.

गाडी स्वतः चालवावी का? रस्ता आपल्यासारखाच डावीकडून, स्टीअरिंग उजवीकडे, त्यामुळे मोह होतो. कागदपत्रं अशी लागतात: पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढायचा. त्याला मूळ परवाना आणि पासपोर्ट लागतो. शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष. एवढ्यावर भागत नाही. लंकेत त्यावर तिथल्या मोटार वाहतूक विभागाची किंवा तिथल्या ऑटोमोबाइल असोसिएशनची मान्यता घ्यावी लागते. २०२५ मध्ये कातुनायके विमानतळावरही अशा परवान्याची खिडकी सुरू झाली. मान्यता नसेल तर पोलिसांचा दंड ही किरकोळ बाब. खरी भीती विम्याची: अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि दुरुस्तीचा सगळा खर्च तुमच्या अनामतीतून जातो.

पण तुमच्या बाबतीत मी स्पष्ट सांगतो, चालकासह गाडी घ्या. सहा माणसं आणि चार मोठ्या बॅगा छोट्या गाडीत मावत नाहीत. तुम्हाला लागते ती उंच छताची टोयोटा व्हॅन, जिला तिथं सगळे ‘केडीएच’ म्हणतात, आणि ती अनोळखी घाटात चालवणं हे सुट्टीतलं काम नव्हे. शिवाय तिथली खरी परीक्षा बसवाले घेतात. लाल सरकारी बस असो की खासगी, वळणावर ओव्हरटेक करणार आणि समोरच्यानं कडेला व्हायचं हे तिथं गृहीतच आहे. कसारा घाटात ट्रेलरमागे शांतपणे थांबणाऱ्या माणसालाही हे पहिले दोन दिवस झेपत नाही. दोघंच असाल, छोटी ऑटोमॅटिक गाडी असेल आणि दहा-बारा दिवस असतील, तर स्वतः चालवायला हरकत नाही.

चालकासह गाडी ठरवताना नुसता दिवसाचा भाव विचारू नका. भावात काय-काय धरलंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: इंधन, द्रुतगती मार्गाचा टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि झोपायची सोय. भत्त्याला तिथंही ‘बत्ता’च म्हणतात. बऱ्याच हॉटेलांत चालकांसाठी वेगळी खोली असते, छोट्या होमस्टेत नसते; तिथं त्याच्या खोलीचे पैसे कोण देणार हे आधी ठरलं नाही तर रात्री आठ वाजता दारात वाद होतो. दिवसाला किती किलोमीटर धरलेत, वरच्या किलोमीटरला काय दर, आणि तुम्हाला विमानतळावर सोडून गाडी रिकामी परत जाण्याचे किलोमीटर कोणाच्या खात्यात, हे तीन आकडे हवेतच. व्हॅनचे आतले फोटो मागवा. मागच्या रांगेला एसीचे झरोके आणि प्रत्येक सीटला चालू पट्टा असला पाहिजे. पट्टा सीटच्या गादीखाली दाबलेला असेल तर तो नाहीच समजा. आणि पहिल्याच दिवशी चालकाला नम्रपणे सांगा की मसाल्याच्या बागा, रत्नांची दुकानं, बाटिकचे कारखाने आम्हाला नकोत. मातले परिसरातल्या मसाला-बागांत फेरी फुकट असते, शेवटी तेलं आणि चूर्णं चढ्या भावानं समोर येतात, आणि प्रत्येक थांबा तुमचा तास-दीड तास खातो.

आता आखणी. सात रात्री अशा वाटा: नेगोंबो १, सिगिरिया २, कँडी १, नुवारा एलिया २, परत नेगोंबो १. सगळं मिळून सहाशे-साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे तुमच्या फेरीच्या निम्मं. जाफना, त्रिंकोमाली, गॉल यातून गेलं. वाईट वाटेल, पण दिवाळीत त्या किनाऱ्यांवर समुद्रात उतरता येईलच याची खात्री नाही. त्यासाठी रोज सहा-सात तास गाडीत बसणं पटत नाही.

पहिल्या दिवशी नाशिकहून मुंबई विमानतळासाठी उड्डाणाच्या आठ तास आधी निघा. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ पासून सुरू झाला, त्यानं कसाऱ्याची धास्ती कमी झाली, भिवंडी-ठाण्याची नाही. मुंबई-कोलंबो उड्डाण अडीच तासांच्या आसपास, घड्याळ बदलावं लागत नाही. विमानतळ कोलंबोत नाही, कातुनायकेला आहे. नेगोंबो तिथून दहा किलोमीटर, कोलंबो तीसच्या वर. म्हणून पहिला मुक्काम नेगोंबो. मोबाइलचं सिमकार्ड आणि तिथले रुपये विमानतळावरच घ्या. युपीआय फेब्रुवारी २०२४ पासून लंकेत काही दुकानांत चालतं, पण शहाळं, देवळाबाहेरची चप्पल-राखण याला रोखच लागते.

दुसऱ्या दिवशी कुरुनेगला मार्गे दंबुल्ला, साधारण १४० किलोमीटर, साडेतीन ते चार तास. दंबुल्लाची पाच लेणी १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पांडवलेणी पाहिलेल्या माणसाला रचना ओळखीची वाटेल, पण इथं भिंत आणि छत इंच-इंच रंगवलेलं आहे आणि पूजा अजून चालू आहे. तिकीट खालीच घ्या, वर मिळत नाही. विसरून चढलात तर पुन्हा उतरावं लागतं. गुडघे-खांदे झाकलेले कपडे हवेत. अनवाणी चालायचं असतं आणि उन्हात दगड भाजतो, म्हणून आई-बाबांसाठी जाड मोजे पिशवीत ठेवा, मोजे चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. तिथं तो अपमान समजतात आणि ते बरोबरच आहे.

तिसरा दिवस सिगिरियाचा. पाचव्या शतकात कश्यप राजानं एका सुळक्यावर बांधलेला हा महाल. दार उघडतं त्या वेळी हजर राहा. नऊनंतर ऊन आणि सहलींच्या बस दोन्ही येतात, आणि अरुंद जिन्यावर रांग लागली की मध्येच मागे फिरता येत नाही. पायऱ्या बाराशेच्या आसपास. वणीच्या गडाच्या पायऱ्यांच्या दुपटीहून जास्त, आणि इथं फ्युनिक्युलर नाही. सिंहाच्या शिल्पाच्या भल्यामोठ्या पंजांपर्यंत दगडी पायऱ्या, पुढे कड्याला बसवलेला लोखंडी जिना, तोही वाऱ्यात. आई-बाबांनी खालच्या जलबागा आणि संग्रहालय बघावं. गुडघे ठीक असतील तर पंजांच्या चौकापर्यंत यावं. वाटेत भित्तिचित्रांची कपार लागते, तिथं फोटोला मनाई आहे. कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, वर आरडाओरडा करू नका, सूचना फलक गंमत म्हणून लावलेले नाहीत. तिकीट परदेशी दरानं महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते. मूळ पासपोर्ट दाखवा, फोटोकॉपीवर अडवतात. दुपारी विश्रांती, तीनच्या सुमाराला हबरानाहून जीपनं हत्ती. मिनेरियाच्या तळ्यावर मोठे कळप जमतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात. नोव्हेंबरात जीपवालेच हुरुलू किंवा कावडुल्लाकडे नेतात, त्यांचं ऐका. एकदा इथं हत्ती पाहिले की दक्षिणेतल्या ‘याला’ राष्ट्रीय उद्यानाची सफारी सोडल्याची रुखरुख राहत नाही.

अंधार पडल्यावर या भागात गाडी बाहेर काढू नका. हबराना-त्रिंकोमाली रस्ता आणि दक्षिणेतला बुत्तला-कतरगाम रस्ता, दोन्हींवर रानहत्ती डांबरावर उभे असतात. बुत्तल्याकडचे तर खाऊच्या आशेनं गाड्या अडवतात. खिडकीतून केळं द्यायचा मोह आवरा. त्या केळ्यामुळेच हत्ती पुढच्या गाडीच्या खिडकीत सोंड घालतो.

चौथ्या दिवशी मातलेवरून कँडी, ९० किलोमीटर, तीन तास. कँडीत शिरायची वेळ साधा. तिथल्या शाळा दीडला सुटतात आणि तलावाभोवतीचा रस्ता तीनपर्यंत जाम होतो. सातला निघून साडेदहापर्यंत पोचा, किंवा सरळ तीननंतर. संध्याकाळी साडेसहाची दंतमंदिराची, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिराची, पूजा बघा. पावणेसहाला आत असाल तर आईंना कठड्याजवळ उभं राहायला जागा मिळते. त्या दिवशी पौर्णिमा येत नाही ना, हे निघण्यापूर्वी कॅलेंडरात बघा. पौर्णिमेला तिथं ‘पोया’ म्हणतात, सार्वजनिक सुट्टी असते, दारू-मांस विक्री बंद आणि देवळात पाय ठेवायला जागा नसते.

पाचवा दिवस कँडी ते नुवारा एलिया. ७५-८० किलोमीटर, पण साडेतीन तास धरा. पेरादेनियाचं वनस्पती उद्यान कँडीतून बाहेर पडतानाच लागतं, दीड तास तिथं द्या, मग गंपोला, पुसेल्लावा, रांबोडा असं चढत जा. कँडी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर, नुवारा एलिया १,८६८. एवढी चढण आणि एवढी वळणं, त्यामुळे मुलांना ओकारी होणारच असं धरून चाला. अ‍ॅव्होमिनची गोळी निघण्याआधी, डॉक्टरांना वेळ आणि मात्रा विचारून; नाश्त्याला नारळाच्या दुधातलं काही नको; ज्याला त्रास होतो त्याला मधल्या रांगेत, नजर समोर. रांबोड्याला धबधबा आणि चिन्मय मिशननं बांधलेलं हनुमान मंदिर आहे, तिथं पाय मोकळे करा. पुढे चहाचे कारखाने लागतात, एखादा बघा, एकच पुरे.

सहाव्या दिवशी घर दोन गटांत वाटा. तुम्ही आणि चौदा वर्षांचा मुलगा पहाटे होर्टन प्लेन्स या डोंगरमाथ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानात जा; साडेनऊ किलोमीटरची पायपीट, आणि ‘वर्ल्डस एंड’चा कडा साधारण नऊनंतर धुक्यात बुडतो, म्हणून पहाटेच. आई-बाबा आणि धाकटा सावकाश सीता एलियाला. नुवारा एलियापासून पाच किलोमीटर, बदुल्ला रस्त्यालाच, ओढ्याकाठी सीता अम्मन मंदिर आहे. खडकावरचे खोलगट ठसे मारुतीच्या पावलांचे मानतात आणि शेजारचं हक्गला उद्यान म्हणजे अशोकवन असं सांगतात. पंचवटीतली सीता गुंफा लहानपणापासून पाहिलेल्या आईंना त्या ओढ्याकाठी अर्धा तास निवांत बसू द्या. गाडी पाच मिनिटांत हलवू नका. रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, स्वेटर वरच्याच बॅगेत ठेवा.

सातवा दिवस लांबचा: हॅटन, कितुलगला, अविस्सावेला मार्गे नेगोंबो, साधारण १८० किलोमीटर, सहा तास. सातला निघा. घाटात रात्रभर पाऊस झाला असेल तर निघण्याआधी तिथल्या राष्ट्रीय इमारत संशोधन संस्थेचा दरडींचा इशारा चालकाला बघायला लावा. लाल असेल तर हॉटेलात थांबा. शेवटची रात्र विमानतळाजवळ ठेवली आहे ती यासाठीच. एक दिवस गेला तरी विमान जात नाही.

दोन रात्री वाढवता आल्या किंवा तुम्ही फेब्रुवारीत गेलात, तर नुवारा एलियाहून परत फिरू नका. वेलिमडा, बंडारवेला करत एला गाठा, ६० किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. १९२१ चा नऊ कमानींचा पूल तिथंच. नुवारा एलियाजवळच्या नानुओया स्थानकातून एलापर्यंत आगगाडीनं जायचं आणि व्हॅननं सामान पुढे न्यायचं, ही कल्पना छान आहे, पण तो मार्ग दरडींमुळे बंद पडतो. चालू आहे का ते बघून मगच आरक्षण करा. मग एलाहून वेल्लवायाला उतरून हंबनटोटा किंवा गॉल, आणि गॉलहून द्रुतगती मार्गानं विमानतळ अडीच-तीन तासांत.

तो एला-वेल्लवाया उतार मात्र गंभीरपणे घ्या. २०२५ मध्ये कोत्मलेजवळच्या आणि या, अशा दोन्ही घाटांत बस दरीत कोसळून बरेच जीव गेले. इथं चूक एकच होते: चालक सबंध उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. लायनिंग तापतं, ब्रेकच्या तेलात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पायाखालचं पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. चढताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा: दुसरा, फार तर तिसरा. ऑटोमॅटिकला ‘एल’ किंवा ‘टू’. तिथं हायब्रिड गाड्या खूप आहेत, त्यांना ‘बी’ लिहिलेली जागा असते, ती याचसाठी. ब्रेक दाबायचा तो ठाशीव, तीन-चार सेकंद, मग पूर्ण सोडायचा. चाकाकडून जळकट वास आला तर रावणा एल्ला धबधब्याजवळ गाडी कडेला घ्या, अर्धा तास थांबा, चाकाच्या उताराकडच्या बाजूला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. चालक गाडी चालवत असेल तरी वास तुम्हालाही येतो. थांबायला सांगायला संकोच करू नका.

जेवणाचं. शाकाहारी असाल तर भात आणि पाच-सहा भाज्या सगळीकडे मिळतात, पण नारळाच्या चटणीत आणि कित्येक भाज्यांत उंबलकड घालतात, म्हणजे वाळवलेल्या टुना माशाचा चुरा. दिसत नाही, वासावरून कळतं. ‘व्हेज’ म्हटल्यानं तो गळत नाही. स्वच्छ सांगा: “उंबलकड एपा.” एपा म्हणजे नको. मस् एपा, माळु एपा, बित्तर एपा: मांस, मासे, अंडं नको. परिप्पू म्हणजे मसूर डाळ, आणि इंदिआप्पा म्हणजे शेवयांच्या चकत्या, आई-बाबांना रात्री पचायला हलक्या. उपवास असेल तर थंबिली, म्हणजे केशरी शहाळं, आणि ‘किरी-पॅणी’. म्हशीच्या दुधाचं घट्ट दही मातीच्या मडक्यात लावतात, वर कितुल माडाचा काळसर पाक. दक्षिणेत तिस्सा-हंबनटोटा रस्त्याला ही मडकी ओळीनं मांडलेली दिसतात. चमचा उभा राहतो ते ताजं. कडेला पाणी सुटलेलं मडकं परत ठेवा.

निघण्याआधी एवढं करा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त आहे का ते सहाही जणांचं तपासा. प्रवास परवानगी लंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधलं की वर येणारी मिळतीजुळती संकेतस्थळं जादा पैसे उकळतात. हॉटेलं फुकट रद्द होतील अशीच घ्या, निदान कँडी आणि नुवारा एलियाची. आणि कळवताना तारखांबरोबर आई-बाबांचे गुडघे कसे आहेत तेही कळवा. दोनशे पायऱ्या न थांबता होत असतील तर सिगिरियाच्या दिवसाचं वेळापत्रक थोडं बदलून देता येईल.